आप्पांचं सुतक कुणाला येतं? पाली, तलवाडा, तेलगाव: तीन दिवस

दसरा होऊन आठवडा झाला होता. दुपारी जेवताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भात कालवता कालवता विचारलं, "मी गेल्यावर माझं सुतक कोण धरणार गं?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"तू लेक. लग्न झालेली. तुझं तीन दिवस. दहा दिवसांचं कोण?"

मला राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. बारा वर्षांपूर्वी आई गेल्यापासून आप्पा माझ्याकडे हडपसरला आहेत. त्यांच्या गोळ्या, त्यांचे कान तपासणं, पाय मोडला तेव्हाचे चार महिने, सगळं मी केलं. आणि दहा दिवसांच्या सुतकासाठी यांना कधी न पाहिलेला भाऊबंद हवा! मी तसं बोलूनही दाखवलं. आप्पा ताक पिऊन उठले. त्यांचं ते गप्प उठणं मला रात्रीपर्यंत पुरलं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरात माणूस गेलं की त्याच्या भावकीतली सगळी घरं दहा दिवस सुतक पाळतात. देवपूजा नाही, गोडधोड नाही, शुभकार्य नाही. ज्याचं सुतक तुम्हाला येतं तो तुमचा भाऊबंद. लग्न झालेल्या मुलीला मात्र बापाचं तीनच दिवस. आप्पांना भावकीच माहीत नव्हती. त्यांना तीन गोष्टी ठाऊक होत्या: गाव बीडकडचं तलवाडा, वडिलांचं नाव मारुती, आडनाव गव्हाणे. रझाकारांच्या धामधुमीत चार-पाच वर्षांचे असताना त्यांना तात्या नावाच्या माणसानं मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, बाहेर काढून पुण्याला आणलं आणि वाढवलं. तात्या फार बोलत नसत. आप्पा सोळा वर्षांचे असताना तेही गेले. आप्पा त्यांना चुलते समजत, कारण आडनाव एकच.

नोकरी लागल्यावर आप्पा एकदा तलवाड्याला जाऊन आले होते. एसटीतून उतरून गव्हाणे कुठं राहतात म्हणून विचारलं. "इथं गव्हाणे कुणी न्हाई" असं उत्तर मिळालं, आणि ते त्याच गाडीनं परत फिरले. आप्पांचा स्वभाव असा. दुसऱ्यांदा विचारणार नाहीत.

मी मात्र दहादा विचारणारी आहे. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात लेखनिक होते. नावं आणि आडनावं हाच माझा धंदा. आमच्या घरातलेच कागद काढून बसले तर आप्पांच्या पेन्शनच्या कागदावर गव्हाणे, रेशनकार्डावर गवाणे, आधारवर गव्हाने, बहिणीच्या पासपोर्टवर इंग्रजीत एक आणि माझ्या जुन्या मार्कशीटवर भलतंच. त्यात उर्दूतून उतरवून घेतलं तर गोहाणेही होऊ शकतं, असं कुणीतरी सांगितलं. मराठी आणि इंग्रजी मिळून अकरा तऱ्हा झाल्या. त्या एका वहीच्या पानावर ओळीनं लिहिल्या आणि नवऱ्याला म्हटलं, दिवाळी झाली की बीडला जायचं.

विलास म्हणाला, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात."

"आप्पा पोस्टात होते. ऋषी नव्हते."

आप्पांजवळ राहायला धाकटी बहीण आली आणि भाऊबीजेनंतरच्या बुधवारी आम्ही निघालो.

बुधवार: पुणे ते बीड

सकाळी सहाला निघालं तर नगरपर्यंत फार गर्दी लागत नाही. नगरहून जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा आणि मग बीड. आम्हाला चहा-नाश्ता धरून साडेसहा तास लागले. जामखेडच्या पुढे सौताड्याला धबधबा आहे. दिवाळीनंतर त्यात पाणी कमी असतं, पण दरी बघायला थांबावं. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनच पाहा. मी वरूनच पाहिली.

या दिवसांत रस्त्यावर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर भेटत राहतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांची खुराडी आणि वर माणसं. आख्खं घर बांधून निघालेलं असतं. त्यांना ओव्हरटेक करताना घाई करू नका, ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात.

मांजरसुंब्यात जेवलो. भाकरी, येसरची आमटी, जवसाची चटणी. दोघांचे मिळून तीनशे ऐंशी. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते लावलेली आमटी तिखट असते, पण अशी की घाम येतो आणि हात थांबत नाही. मग घाट उतरून पालीपाशी आलो. बिंदुसरा धरण रस्त्यावरूनच दिसतं, यंदा भरलेलं होतं. तिथं बायका सीताफळं घेऊन बसतात. आम्ही एक पाटी घेतली, गाडीच्या बॉनेटवर बसून सहा-सात तिथंच खाल्ली, बिया थुंकत धरण पाहिलं आणि बीडला गेलो.

लॉज बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, खोली अकराशे. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. आठ म्हणजे आठ.

संध्याकाळी चाचांना भेटले. हे निवृत्त उर्दू शिक्षक. निजामाच्या काळातली कागदपत्रं लोकांना वाचून देतात. आमच्या एका शिक्षिकेची बीडला बहीण आहे. तिनं तलवाड्याच्या जुन्या नोंदींच्या काही नकला माझ्यासाठी आधीच मिळवून ठेवल्या होत्या. चाचांनी त्या चष्मा कपाळावर चढवून वाचल्या. मी माझं अकरा आडनावांचं पान पुढे केलं. ते त्यांनी पाहिलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"ताई, आडनाव कावून शोधताय?"

"म्हणजे? मग काय शोधू?"

"हे बघा. मारुती वल्द सटवाजी. हा मारुती वल्द रामजी. हा मारुती वल्द खंडू. वल्द म्हणजे अमक्याचा पोरगा. आडनाव हाय का कुठं? या कागदात न्हाईच. त्या वक्ताला गावात कोण इचारत होतं? बापाचं नाव सांगितलं की माणूस कळायचा."

"मग आमचा मारुती यातला कुठला?"

"ते कागद न्हाई सांगणार. आजाचं नाव काढून या."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. सीताफळं दिली ती घेतली. हे वाचून कुणी असाच शोध घ्यायला निघणार असेल तर त्यांचा सल्ला देऊन ठेवते: मराठवाड्यातले जुने कागद पाहायचे तर आधी आजोबा-पणजोबांची नावं गोळा करा. आडनावाच्या तऱ्हा करत माझ्यासारखे पंधरा दिवस घालवू नका.

गुरुवार: तलवाडा आणि परत पाली

सकाळी लॉजखालच्या टपरीवर सुशीला खाल्ला. पुण्याचे वाचक विचारतात सुशीला कोण. कुणी नाही, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार आहे. पंचवीस रुपये प्लेट, वर मिरची तळलेली.

बीडहून तलवाडा दीड तासाच्या आतबाहेर. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि मधेमधे ऊस. गावात टेकडीवर देवीचं देऊळ आहे, जागा उंच आहे, वरून सगळा शिवार दिसतो. दर्शन घेऊन खाली चहाच्या हॉटेलात बसलो. बाकावर फेटा बांधलेले एक आजोबा होते, वय पंच्याऐंशीच्या पुढे. शेजारी पन्नाशीचा एक माणूस मोबाईल बघत बसलेला. मी आजोबांना विचारलं, "इथं गव्हाणे कुठं राहतात?"

"गव्हाणे न्हाईत इथं."

आप्पांनी ऐकलेलं उत्तर तेच. पण मी आप्पा नाही. वही काढली. "गवाणे? गव्हाने? गोहाणे?" करत सगळं पान वाचून दाखवलं.

मोबाईलवाला म्हणाला, "ताई, ही कंची बाराखडी लावलीया?"

"गप बे," आजोबा त्याला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बाई, आडनाव ऱ्हाऊ दे. तुमचं सुतक कुणाला येतं ते सांग."

मी एवढंच म्हणाले, "तेच विचारायला आलेय."

मग सगळं सांगितलं. आप्पा, मारुती, तात्या, पुणे. आजोबांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "मारुती लई व्हते. पण गव्हाणे म्हणशील तर ते पालीला हायत. धरणाच्या अंगाला. माझ्या मेव्हण्याची सोयरीक हाय तिथं. तलवाड्यात कदी नव्हते. तू उलट्या गावात आलीस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आदल्या दिवशी पालीतच बसून मी सीताफळाच्या बिया थुंकल्या होत्या. विलास हसायला लागला. मला हसू येत नव्हतं, कारण हे जुळत नव्हतं. गव्हाणे पालीचे असतील तर आप्पा तलवाड्याचे कसे? की आप्पांना त्यांचं गावही चुकीचं आठवतंय? ऐंशी वर्षं माणूस एका गावाचं नाव घेऊन जगतो आणि तेच चुकीचं निघालं तर मी घरी जाऊन काय सांगू?

दुपारी दोनला पालीत पोहोचलो. गव्हाण्यांचं घर लगेच सापडलं, आडनाव सांगितलं आणि माणूस घेऊन गेला. हे सुख पहिल्यांदाच मिळालं. घरात शांताबाई होत्या, ऐंशीच्या आसपास, आणि त्यांचा मुलगा. मुलानं चहा टाकायला सांगितलं. मी तात्यांचं नाव घेतलं. बाबूराव.

शांताबाई म्हणाल्या, "बाबूराव तात्या! माझ्या सासऱ्याचे चुलतभाऊ. मी काय बघितलं न्हाई त्यास्नी, मी नांदायला यायच्या आधीच गेलते ते. सासू सांगायची. बायको लवकर मेली, लेकरू न्हाई. रझाकाराच्या टायमाला एक पोरगं घेऊन गेलते, ते परत आलेच न्हाईत."

"ते पोरगं म्हणजे माझे वडील."

मुलगा उठून उभाच राहिला. "म्हंजे तुमी आमच्या भावकीच्याच!"

"न्हाई," शांताबाई लगेच म्हणाल्या. "ते पोरगं आपल्या सुतकात न्हाई."

मुलगा म्हणाला, "आये, आडनाव आपलं लावत्यात की ते."

"लावू दे. पोरगं तात्याच्या मेव्हण्याचं व्हतं. तात्याची बायको तलवाड्याच्या मस्क्यांची. तिच्या भावाचं पोर त्ये. मस्क्यांचं सुतक आपल्याला कसं येईल?"

म्हणजे तात्या आप्पांचे चुलते नव्हते. आत्याचे यजमान होते. आप्पा तलवाड्याचेच होते, फक्त गव्हाणे नव्हते. ऐंशी वर्षं लावलेलं आडनाव त्यांना वाढवणाऱ्याचं होतं.

"पण तात्यांनी असं कशाला केलं असेल?" मुलगा मला विचारत होता.

मला ते त्या क्षणी कळलं होतं, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. शाळेच्या खिडकीत मूल घेऊन माणूस उभा राहतो. लेखनिक खाली मान घालून विचारतो, मुलाचं नाव? सांगतो. वडिलांचं नाव? सांगतो. आडनाव? आणि समोरचा माणूस सवयीनं स्वतःचं सांगून टाकतो. मामा असतो, आजोबा असतात, शेजारी असतो. मागे रांग असते. एकतीस वर्षांत "मुलाचं की तुमचं?" असं मी किती वेळा विचारलं? फार थोड्या. नंतर कुणी दुरुस्तीचा अर्ज घेऊन आलं की त्यालाच चार गोष्टी सुनवायचे. पालीत त्या खाटेवर बसून मला त्याची लाज वाटली.

"ते मस्के आता तलवाड्यात नसत्यात," शांताबाई म्हणाल्या. "लई वर्सं झाली, तेलगावला गेलते. सोयरे म्हणून आमचा निरोप अजून जातो तिकडं, कुणी गेलं-बिलं तर. दगडूआबा हाय त्यांच्यातला थोरला."

नवं आडनाव मिळालं, आणि तेही धड एक नाही. शांताबाई मस्के म्हणत होत्या, मुलानं फोनमध्ये नंबर शोधला तर तिथं म्हस्के होतं. मी विचारलं खरं काय. तो म्हणाला, "दोन्ही चालतंय की." मी वही पिशवीत टाकली ती पुन्हा काढली नाही.

शुक्रवार: तेलगाव

बीडहून वडवणीमार्गे तेलगाव सव्वा तास. रस्ता बरा आहे, पण कारखान्याच्या दिवसांत उसाच्या गाड्या असतात, वेळ धरून चला. नाक्यावर जेवणाची चांगली सोय आहे असं ऐकलं होतं, आम्हाला वापरायची वेळ आली नाही.

दगडूआबांचं घर नवं, स्लॅबचं. बाहेरच्या खोलीत वेचलेला कापूस छताला टेकेल इतका रचलेला. त्यामुळे आम्हाला मधल्या खोलीत बसवलं. आबा अठ्ठ्याऐंशीचे, काठी घेऊन पण ताठ. शेजारी त्यांची बायको, जिला सगळे आजी म्हणत होते. पालीहून फोन गेला होता, तरी आबांनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं.

"मारुतीचा बाप कोण?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. कागदात तीन मारुती आहेत. सटवाजीचा, रामजीचा आणि खंडूचा."

"सटवाजीचा. सटवाजी माझा आजा. मारुती माझा चुलता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोराचं नाव काय?"

"विठ्ठल."

आबांनी काठी भिंतीला लावली. आजी म्हणाल्या, "अगं बाई. इठूची लेक."

आबा सांगू लागले. "तेची आई आधीच गेलती. धामधूम सुरू झाली तवा तात्या म्हणले पोराला घेऊन फुडं जातो, मारुती मागनं येईल. मारुतीला तापानं धरलं. तो त्यातच गेला. मग आमाला कुठं ठाव तात्या कुठं हाय? पुनं म्हणलंते. पुनं केवढं! माझा बाप दोनदा गेलता शोधाय. मस्के कुठं ऱ्हात्यात म्हणून इचारायचा. कोण सांगणार?"

तिकडे पुण्यात माझे आजोबा मस्के शोधत होते आणि इकडे तलवाड्यात आप्पा गव्हाणे. (चुलत आजोबा, पण आता मी आजोबाच म्हणते.) मला भडभडून आलं. विलासनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बारा वर्सं वाट बघितली," आबा म्हणाले. "बारा वर्सं माणूस आला न्हाई की मग धरावं लागतं. पळसाच्या पानाचा माणूस केला, मेलेल्याच्या जागी. गंगेवर, गोदावरीला, नेला. मारुतीच्या घरात पाणी द्यायला कुणी न्हाई, म्हणून मी बसलो. वस्तरा लावून डोकं मी काढलं. दहा दिवस धरलं, सगळ्या भावकीनं. तेरावं केलं. त्या साली माझं लगीन ठरलंतं, ते पुढं ढकललं इठूसाठी."

"मला राग आलता," आजी म्हणाल्या. "मी म्हणले, मेलेला कोण ते ठाव न्हाई आन् माझं लगीन थांबलं."

सगळे हसले. हसताना आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

मग मी आप्पांचा प्रश्न सांगितला, ज्यासाठी इतक्या लांब आले होते. ते गेले तर दहा दिवस धराल का?

मुलगा, सून, सगळे आबांकडे बघत होते. ते म्हणाले, "लेकी, तुला खोटं सांगत न्हाई. एका माणसाचं सुतक एकदाच धरता येतं. आमचं धरून झालंय. आता दुसऱ्यांदा कसं धरू?"

"पण आबा, ते जिवंत आहेत."

"हाय, देवाची किरपा. मेला म्हणून बोभाटा झाला की आयुष्य वाढतं. तेचं वाढलं. पण धरलेलं परत मोकळं व्हत न्हाई."

आजी मधे पडल्या. "तसं काय न्हाई. परत आलेल्याला पाळण्यात घालत्यात, बारसं करत्यात, मग तो परत आपल्यात येतो. माझ्या माहेरी केलतं एकाचं."

"ऐंशी वर्साच्या म्हाताऱ्याला पाळण्यात घालतीस?" आबा म्हणाले. "आन् नाव काय ठेवतीस? गव्हाणे का मस्के?"

पुन्हा हशा झाला. पण आबा आपल्या बोलण्यावरून हलले नाहीत. मीही मग ओढलं नाही. त्यांनी ते दहा दिवस खरोखर पाळले होते, लग्न थांबवून पाळले होते, म्हणून ते असे सहज पुन्हा देऊ करत नव्हते. मला ते पटलं. पटलं आणि वाईटही वाटलं.

भाकरी, वांग्याची भाजी, दही, आणि सांजा जेवून आम्ही निघालो. सांजा गोड असतो. आजी वाढताना म्हणाल्या, "गोड खा. इठूचं सुतक फिटलं आज." फोनवर आप्पांशी बोलू का, असं आबांनी विचारलं. मी नको म्हटलं. आधी समोर बसून सांगायचं होतं.

घरी

परतीला पाथर्डीच्या बाजूनं आलो, तो रस्ता बराचसा रुंद आहे. पण मी फारसं काही पाहिलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखं नाही. तीन दिवसांचा खर्च पेट्रोल, लॉज, जेवण मिळून साडेआठ हजारांच्या आत झाला. सीताफळं वेगळी.

शनिवारी सकाळी आप्पांचा चहा झाल्यावर, त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला खुर्ची घेऊन, पहिल्यापासून सांगितलं. तात्या चुलते नव्हते हे ऐकून त्यांनी फक्त मान हलवली. आडनाव बदलायचं का विचारलं तर म्हणाले, "कशाला? वाढवलं त्यांनी. राहू दे त्यांचं." मी म्हटलं, बरोबर आहे, आम्ही बायका एका जन्मात दोन लावतो, कुणी आम्हाला हरवलेल्या म्हणत नाही. पळसाच्या पानांचा माणूस आला तेव्हा मात्र त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"डोकं कुणी काढलं?"

"दगडूआबांनी."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी. लग्न पुढे ढकललं त्यांनी."

आप्पा रडले. मी त्यांना आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मधेच म्हणाले, "मला वाटायचं माझी कुणाला आठवणच झाली नसेल." ते दहा दिवस कुणी धरावेत हा हट्ट मी रूढी समजत होते, म्हातारपणाचा हेका समजत होते. ऐंशी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण गेलो ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि मी त्यांच्यावर चिडले होते.

दुपारी फोन लावून दिला. दोघांनाही ऐकू कमी. अर्धा तास "हां? हां?" एवढंच चाललं होतं, वरच्या मजल्यावरच्यांनीही ऐकलं असेल. बोलणं काय झालं ते मला नीट कळलं नाही, पण शेवटी आबांचा आवाज स्पष्ट आला: "एकदाच असतं बग, इठू! एकदाच!" आप्पा म्हणाले, "हो हो. कळलं."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी समजूत घालायचे शब्द शोधत होते.

"त्यांचं धरून झालंय म्हणे," आप्पा म्हणाले.

"हो."

"मग आता तूच धर. तीन नाही. दहाच्या दहा."

मी धरीन म्हटलं.